दुखतं कुठं आणि कळतं कुठं

उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, ही रीत बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या माणसांत अजून मोडलेली नाही. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. कंबर धरलेल्या माणसाला पाठमोरं उभं करायचं आणि पायाळूनं त्याच्या पाठीला लाथ मारायची. लाथ कसली, तळवा टेकवल्यासारखंच ते. दोन-चार दिवसांत माणूस हिंडू-फिरू लागतो आणि पायाळूचं नाव होतं. शिकलेली पोरं हसतात, म्हातारी माणसं म्हणतात, "गुण आला की नाही ते बघ."

गुण येतो, पण पायाळूच्या जन्माशी त्याचा संबंध नाही. अचानक भरलेली बहुतेक उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. आणि आपण उपाय शोधायला निघतो ते दुखणं कळसाला पोचलं की. तिथून पुढं ते उतरणारच असतं, त्यामुळे त्या दिवशी जे केलं त्याला श्रेय मिळतं, मग ती लाथ असो, लेप असो नाहीतर सुई. दुसरी गोष्ट, लाथ खाऊन माणूस पुन्हा अंथरुणात शिरत नाही. "आता मोकळं झालं" म्हणून चालत घरी जातो. हे चालणं भारी औषध आहे. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. नुकती कंबर धरलेल्या १८६ जणांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस सक्त झोपून राहायला सांगितलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं, झेपेल तेवढं रोजचं काम करत राहा. तिसरा गट सगळ्यांत लवकर सुधारला आणि झोपून राहिलेला सगळ्यांत सावकाश. आपल्याकडे मात्र कंबर धरली की अजूनही पहिला सल्ला येतो, "पंधरा दिवस हलू नको."

या दोन कारणांखाली तिसरं एक कारण आहे. वेदना नेमकी तयार कुठं होते, हे कळल्याशिवाय ते समजत नाही.

आपला समज असा की जिथं बिघाड तिथं दुखणं, आणि जेवढा बिघाड तेवढं दुखणं. कातडी, स्नायू, सांधे यांतल्या मज्जातंतूंची टोकं दाब, उष्णता, सूज यांची खबर पाठवतात, इतकं खरं. पण ती नुसती खबर असते. ती मणक्यातल्या मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत जाते आणि तिचं काय करायचं ते मेंदू ठरवतो. जुना अनुभव, भीती, झोप, भोवतालची परिस्थिती हे सगळं जमेस धरून तो 'धोका आहे' असा निवाडा देतो, आणि तेव्हा आपल्याला दुखतं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीच्या आघाडीवर होता. मोठ्या जखमा झालेल्या सैनिकांना तो विचारायचा, दुखणं थांबवायचं औषध हवं का? तीन चतुर्थांशांच्या आसपास सैनिक नको म्हणाले. जखम खोटी नव्हती. पण त्या जखमेचा अर्थ होता, रणांगणातून जिवंत सुटलो. १९४६ साली त्यानं हे लिहून प्रसिद्ध केलं.

याची उलटी बाजू बेळगावातल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्याबाहेर बघायला मिळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत एमआरआयच्या फिल्मा घेऊन माणसं बसलेली असतात. रिपोर्टात लिहिलेलं असतं, एल-४ एल-५ मधली, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलीय, मणके झिजलेत. तेवढं वाचूनच माणूस निम्मा खचतो. आता हे बघा. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशीच्या घरातल्यांत ९६ टक्के. गादी बाहेर फुगलेली विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. आणि यांतल्या एकाचीही तक्रार नव्हती. म्हणजे फोटोत दिसणारी झीज पुष्कळदा डोक्यावरच्या पिकल्या केसांइतकीच वयाची खूण असते. शस्त्रक्रिया लागणारी माणसं असतातच. पण रिपोर्टातला शब्द आणि पाठीतली कळ यांचं सरळ गणित नाही, एवढं समोरच्याला सांगायला डॉक्टरांनी दोन मिनिटं काढली तरी बरंच दुखणं हलकं होईल, असं मला वाटतं.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या जागतिक वर्गीकरणात तिला स्वतंत्र आजाराचं स्थानही मिळालं आहे. ते का, हे मळ्यातल्या राखणीच्या कुत्र्यावरून कळेल. चांगलं कुत्रं चोर आला की भुंकतं. पण एकदा चोरी झाली, चार रात्री जागरण झालं, की ते पाला सळसळला तरी भुंकतं, घरचा माणूस आला तरी भुंकतं. शेवटी चोर कुणीच नसतो, पण भुंकणं खरं असतं आणि आपली झोपही खरीच उडालेली असते. मज्जासंस्थेचं असंच होतं. खबर सतत येत राहिली की मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच तापट होतात, साधा स्पर्शही दुखरा म्हणून वर कळवू लागतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली हे प्रयोगानं दाखवलं. मग जखम भरते, सूज उतरते, तरी दुखणं राहतं. अशा माणसाला कुत्रं मारायचं नसतं, त्याचा धीर परत आणायचा असतो. शेक, मालिश, श्वास, व्यायाम ही सगळी मंडळी हेच काम करतात.

इथं एक वाक्य मला फार खटकतं. घरात सून चार महिने मान दुखते म्हणते, तपासणीत काही सापडत नाही, आणि मग कुणीतरी बोलतं, "काही नाही, मनाचं आहे तिच्या." मेंदूत घडणारी गोष्ट खोटी असते, असं त्यात धरून चाललेलं असतं. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टर्लिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारं, अफूसारखं काम करणारं रसायन शोधून काढलं. तीन वर्षांनी अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून बिनऔषधी द्रव्य दिलं तरी काहींचं दुखणं कमी झालं. मग अफूचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन हे औषध दिल्यावर तो आराम नाहीसा झाला. म्हणजे 'नुसत्या विश्वासानं' आलेला आरामसुद्धा रसायनानंच आला होता. २०१६ साली तर पोर्तुगालमध्ये जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना उघड सांगितलं, या गोळीत औषध नाही, तरी नेमानं घ्या. नेहमीच्या उपचारांबरोबर ती घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला. पायाळूच्या लाथेचं तिसरं कारण हेच. कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढून, पाठीला स्पर्श करून, "आता जातंय बघ" म्हणालं, एवढ्यानं मेंदूचा निवाडा थोडा सैल होतो. मन हलवून दुखणं हललं म्हणून ते ढोंग ठरत नाही.

स्पर्शाचं काम तर याहून सरळ आहे. गुडघा दारावर आपटला की आपण न शिकता तो चोळतो. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी त्याचं कारण मांडलं. स्पर्शाची खबर नेणारे तंतू जाड आणि वेगवान असतात, मज्जारज्जूत पोचून ते वेदनेच्या बारीक तंतूंची वाट काही अंशी अडवतात. वेदनेचा दरवाजा म्हणून हा सिद्धांत ओळखला जातो. पुढं त्यात खूप भर पडली, दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. बेळगावच्या तालमींत पोरं कुस्तीनंतर एकमेकांची मालिश करतात तेव्हा हाच दरवाजा ओढून घेतला जातो. तेल कुठलं, यावर तालमीत भांडणं होतात. मला विचाराल तर तेलापेक्षा हात मोठा. तेल हाताला सरकायला मदत करतं. मालिशचा आराम मात्र बहुधा थोड्या काळाचा असतो, त्या मोकळ्या वेळात सांधा हलवून घेतला तर तो कामी येतो.

शेकाचं तसंच. जाडं मीठ लोखंडी तव्यावर परतायचं, तडतडायला लागलं की सुती फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची आणि मग कंबरेवर ठेवून ठेवून उचलायची. उष्णतेनं तिथलं रक्त वाढतं, आखडलेला स्नायू सैल पडतो. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेनं २०१७ साली कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत नव्या दुखण्याला गोळीच्या आधी शेक आणि मालिश सांगितली आहे, आणि जुनाट दुखण्याला व्यायाम, योग, ध्यान. आजीला हे कुणी सांगायला नको होतं. पण आजीला साखरेचा आजार असेल तर पुरचुंडी दुसऱ्यानं धरावी. मधुमेहात पायांची जाणीव बोथट होते, भाजतंय हे कळत नाही, आणि फोडाची जखम महिनोनमहिने भरत नाही. ताज्या मुरगळ्यावर, सूज तापलेली असताना, पहिले दोन दिवस शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ बरा.

आता मिरची. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची मिरची तिखटपणासाठी आपल्याकडे प्रसिद्ध आहे. तिच्यातला जाळणारा घटक कॅप्सेसिन. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली दाखवलं की कॅप्सेसिन मज्जातंतूच्या ज्या खुंटीला, म्हणजे खबर टिपणाऱ्या जागेला, धरतं, तीच खुंटी साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनं हलते. म्हणून मिरची 'भाजते', तापमान वाढलेलं नसतानाही. या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. गंमत पुढं आहे. तीच खुंटी पुन्हा पुन्हा ओढली तर तंतू थकतो आणि खबर पाठवायचं कमी करतो. औषधाच्या दुकानात मिळणारी कॅप्सेसिनची मलमं याच तत्त्वावर चालतात. गुडघेदुखी आणि नागिणीनंतर उरणारी आग यांत ती उपयोगी पडतात, पण रोज नेमानं लावली तरच, आणि पहिले काही दिवस चुरचुरणारच. म्हणून घरची संकेश्वरी वाटून गुडघ्याला फासायची नाही. तिच्यात घटक किती हे मोजलेलं नसतं, कातडी सोलून निघते, आणि तो हात डोळ्याला लागला तर दुसरंच दुखणं मागं लागतं. बिब्ब्याचंही तेच, त्यानं उठलेले फोड मी पाहिले आहेत. बाममधल्या पुदिन्याच्या अर्कानं गार वाटतं ते असंच, थंडी ओळखणारी खुंटी हलते म्हणून. हळद जेवणात चांगली, लेपही हरकत नाही. मात्र हळदीच्या अर्काच्या जोरदार कॅप्सूल वेगळ्या. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

निपाणीत दुपारच्या वेळी विडीकाम चालतं त्या घरांत डोकावून बघा. उंबऱ्यापाशी उजेडाला बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, शेजारी कात्री आणि दोरा. पान कापलं, चिमूट भरली, वळलं, तोंड दुमडलं, दोरा बांधला. हात दिसायला भिंगरीगत फिरतो, पण बाकीचं शरीर दगडासारखं थिजलेलं असतं. मान खाली, खांदे वर चढलेले, पाठ वाकलेली, मांडी घातलेली, तासन् तास. वाकून बसणं वाईट आहे असं सरसकट म्हणता येत नाही. कुठल्याही एकाच ठेवणीत फार वेळ राहणं वाईट. अशा बाईला "दर अर्ध्या तासानं उठून फिरा" असं सांगणं सोपं आहे. मजुरी हजार विड्यांवर असते, उठण्याचे पैसे कोण देणार? म्हणून कामाच्या आतच जागा शोधावी लागते. पाठ भिंतीला टेकवायची, सुपाखाली उशी किंवा डबा ठेवून ते वर घ्यायचं म्हणजे मान कमी वाकते. एक पाय सरळ सोडायचा, थोड्या वेळानं दुसरा. एक जुडी बांधून झाली की खांदे कानापर्यंत उचलून एकदम सोडायचे, हनुवटी मागं घ्यायची. यात विडी थांबत नाही.

खानापूरकडच्या रोप लावणीचं दुखणं वेगळ्या जातीचं. पावसात, गुडघाभर चिखलात, दिवसभर कंबरेतून वाकून. ज्या दिवशी जरा बरं वाटतं त्या दिवशी बायका राहिलेलं सगळं उरकून घेतात आणि पुढचे तीन दिवस उठता येत नाही. मग भीती बसते, हालचाल कमी होते, स्नायू आणखी कमजोर होतात आणि पुढच्या वेळी थोड्याच कामानं कळ येते. जुनाट दुखण्यातलं हे फिरतं चक्र मोडायची रीत कंटाळवाणी आहे. चांगल्या दिवशी हात आखडता घ्यायचा, वाईट दिवशीही थोडं का होईना हलायचं, आणि मोजमाप आठवड्याला किंचित वाढवायचं. रोजचं चालणं, उताणं झोपून गुडघे पोटाशी घेणं, कंबर उचलणं, भुजंगासनातला अर्धा उठाव. कुठला व्यायाम श्रेष्ठ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जो तुम्ही सहा महिने कराल तो श्रेष्ठ. व्यायामानं थोडं दुखणं वाढलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं तर घाबरायचं कारण नाही.

मन शांत करण्याच्या वाटेविषयी आपल्याकडे दोन टोकं दिसतात, चमत्कार नाहीतर थोतांड. आकडे मधलं सांगतात. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. बसून श्वासाकडे लक्ष, पडून अंगाच्या एकेका भागाकडे लक्ष, थोडी योगासनं. २०१६ साली जुनाट कंबरदुखीच्या ३४२ लोकांवर तो तपासला गेला. सहा महिन्यांनी, हा अभ्यासक्रम मिळालेल्यांत सुमारे ६० टक्के लोकांची रोजची हालचाल जाणवण्याइतकी सुधारली. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांतही ४४ टक्के सुधारले होतेच. फरक खरा आहे, पण दहातल्या एक-दोघांचा. दुखणं पार जाईल असं सांगणाऱ्या शिबिरवाल्यांना हे आकडे विचारावेत.

घरी करायचं तर पडून करा. एक हात पोटावर, दुसरा छातीवर. नाकानं श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ हलू नये. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. या वेगाला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांची लय जुळते, अंग ताणातून बाहेर येतं. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका इटालियन गटानं दाखवलं की ख्रिस्ती जपमाळ किंवा तिबेटी मंत्र म्हणताना श्वास आपोआप याच वेगाला येतो. आमच्या गावोगावच्या देवळांत संध्याकाळी हरिपाठ होतो, त्यातही असंच काही घडत असावं, असा माझा आपला अंदाज. एकत्र करण्याचाही वाटा असतो. ऑक्सफर्डच्या नाव वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक छोटा प्रयोग झाला होता. तेवढेच कष्ट एकट्यानं करण्यापेक्षा ताल धरून सगळ्यांनी मिळून केले तेव्हा त्यांची दुखणं सोसायची ताकद जास्त वाढली. दिंडीत सत्तरीची म्हातारी रोज मैलोनमैल कशी चालते, याचं सगळं नसलं तरी थोडं उत्तर इथं असेल.

झोपेबद्दल थोडक्यात: अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त टोचतं, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. रात्री दुखतं म्हणून झोप नाही आणि झोप नाही म्हणून दुखतं. दुपारची लांब झोप आणि रात्रीचा मोबाइल ही दोनच कलमं आधी धरा.

नैसर्गिक म्हटलं की निर्धोक, ही समजूत मात्र सोडायला हवी. बाजाराच्या दिवशी किंवा कुणाच्या तरी ओळखीनं सांधेदुखीची पुडी मिळते, 'जडीबुटी, साइड इफेक्ट नाही'. वर्षांचे आखडलेले गुडघे दोन दिवसांत मोकळे झाले, भूक वाढली, महिन्याभरात चेहरा गोल सुजला, साखर चढली, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. अशी पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. पुडी तशीच घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि ते सांगतील तशी हळूहळू सोडायची. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्याही रोजच्या झाल्या की पोटात व्रण करतात, मूत्रपिंड खराब करतात. रक्तदाब असलेल्यांना जास्तच.

आग होणं, मुंग्या, पायात करंट उतरल्यासारखं वाटणं हे मज्जातंतूचं दुखणं असू शकतं. त्याला मालिश पुरत नाही, औषधं वेगळी असतात. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम आणि न हटणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षय तपासायला हवा; आपल्या भागात तो दुर्मिळ नाही, आणि औषधांनी बरा होतो. आधी कर्करोग होऊन गेला असेल, म्हातारपणी पडल्यावर पाठ दुखू लागली असेल, तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. पायातली ताकद जाऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. आणि छातीत दाब येऊन कळ डाव्या हातात नाहीतर जबड्यात गेली, घाम फुटला, तर पाठीला बाम चोळत बसू नका, १०८ ला फोन लावा.